आधी टेपा, मग मशीन

प्रश्न थोडक्यात असा होता: वडिलांचा सांगलीतला छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ 2002 साली बंद झाला. घरी पॅनासोनिकचं एसव्ही-3700 हे डॅट (डिजिटल ऑडिओ टेप) मशीन आणि अलेसिसचं काळ्या पॅनेलचं पहिलं एडॅट, म्हणजे एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ ट्रॅक डिजिटल भरणारं मशीन, पडून आहे. सोबत साठेक डॅट कॅसेटी आणि वीस-बावीस एस-व्हीएचएस आहेत. त्यांत नाट्यपदं, अभंग आणि गावोगावच्या भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं आहेत. काही कॅसेटी 2019च्या पुरात भिजल्या. डॅट मशीन कॅसेट आत घेतं, पण टेप बाहेर ओढून अडकवून ठेवतं. एडॅट दोन-चार सेकंद गरगरतं आणि कॅसेट परत टाकतं. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, दोन्हींची हेडं गेली, आता काही होणार नाही. खरंच काही होणार नाही का?

होईल. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं हेडची वाटत नाहीत. हेड गेलं की टेप व्यवस्थित फिरते, आकडे पुढे सरकतात, फक्त आवाज येत नाही किंवा खरखरत येतो. टेप अडकणं आणि कॅसेट परत येणं ही बहुतेक वेळा रबर, ग्रीस आणि स्विच यांची तक्रार असते, आणि ती दुरुस्त करता येते. पण मशीन आजपासून पुन्हा चालू करून बघू नका. "एकदा लावून बघू" या नादात गेलेल्या टेपा मी मोजायचं सोडून दिलं आहे.

मशीन उघडण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डॅटची टेप जेमतेम 3.81 मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला फक्त 8.15 मिलिमीटर सरकते. 30 मिलिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 2000 फेरे घेतो आणि त्यावरची दोन हेडं टेपवर तिरक्या रेघा ओढत जातात. एका रेघेची रुंदी साधारण 13.6 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा पाचेक रेघा बसतात. टेप ड्रमसमोरून किती उंचीवरून जाते ते दोन्ही बाजूंचे गाईड, म्हणजे टेपला वाट दाखवणाऱ्या खुंट्या, ठरवतात. गाईड केसभर वरखाली झाले की हेड आपली रेघ सोडून शेजारच्या रेघेवर घसरतं. पण रेकॉर्डिंगच्या वेळीही गाईड तसेच हललेले असतील, तर त्या मशीनने वाकड्या रेघा ओढल्या आणि वाकड्याच वाचल्या. त्या मशीनवर आवाज स्वच्छ येतो. दुसऱ्या कुठल्याही चांगल्या मशीनवर तीच टेप रडते.

तुमच्या बाबांची मशिनं आणि त्यांच्या टेपा ही जोडी आहे. म्हणून कोणी "गाईड सेट करून देतो, कंपनीच्या मापात आणतो" म्हणालं, तर आधी त्याला थांबवा. सुरुवातीच्या वर्षांत मी हीच चूक केली होती. एका गायकाच्या घरून डॅट मशीन आलं. मी अलाइनमेंट टेप (गाईड जुळवायची कंपनीच्या मापाची टेप) लावली, गाईड अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे बसवले आणि समाधानाने परत दिलं. आठवड्याने फोन आला की त्याच मशीनवर भरलेल्या अकरा टेपांपैकी एकही वाजत नाही. जुनी वाकडी जागा मी पुसून टाकली होती आणि तिची नोंदही ठेवली नव्हती. ऑसिलोस्कोप (सिग्नलची आकृती पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून ती जागा पुन्हा शोधायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून गाईडच्या प्रत्येक स्क्रूवर बारीक पेनाने खूण केल्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. आधी जुन्या जागेवर सगळ्या टेपा उतरवून घ्यायच्या, मशीन कंपनीच्या मापात आणायचं ते त्यानंतर, आणि आणायलाच हवं असं काही नाही.

आता कामाला लागा. सगळ्यात आधी कॅसेटी सुरक्षित करा. एस-व्हीएचएसच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा तोडलेला नसेल तर तो तोडून टाका. डॅटवर रेकॉर्डिंग रोखणारी सरकती खिडकी असते, ती बंदीच्या बाजूला सरकवा. एडॅटवर टेप आधी फॉरमॅट करावी लागते, आणि नव्या माणसाच्या हातून ते बटण दाबलं गेलं तर परत मिळवायला काही उरत नाही.

मग वीज. मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा. त्या काळात बरीच मशिनं अमेरिकेहून किंवा जपानहून सामानात आली. अमेरिकेचं मशीन 120 व्होल्टचं, जपानचं 100चं. घरी कुठेतरी जड, काळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर पडला असेल तर तो याचाच असू शकतो. तो भंगारात देऊ नका. आता पुन्हा वीज देताना मशीन सिरीज बल्बवर लावा, म्हणजे विजेच्या वायरीत मधे एक साधा पिवळा बल्ब जोडून. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत शॉर्ट आहे. एसएमपीएस (स्विचिंग जातीचा) पॉवर सप्लाय असेल तर बल्ब लुकलुकतो, त्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका.

पण वीज देण्याआधीच झाकण काढून बोर्ड बघा, विशेषतः कॅपॅसिटर. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदच्या सुरुवातीला बोर्डावर थेट चिकटणारे छोटे, चंदेरी डब्यासारखे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर बहुतेक कंपन्यांनी वापरले. त्यांतले बरेचसे खालून गळतात. टॅस्कॅमचं डीए-88 आणि सोनीची खिशात मावणारी डॅट मशिनं या दुखण्यासाठी प्रसिद्ध आहेत, पण त्या काळातलं कुठलंच मशीन यातून सुटलं असं धरू नका. गळलेला द्रव तांबं खातो. खूण ओळखायला सोपी आहे: कॅपॅसिटरच्या पायाचं सोल्डर चकाकी सोडून राखाडी होतं, भोवती तपकिरी किंवा हिरवट डाग पडतो, आणि तिथे सोल्डरिंग आयर्न टेकवलं की सुक्या मासळीसारखा वास येतो. तो वास आला की मी त्या बोर्डावरचे त्या जातीचे सगळे कॅपॅसिटर बदलतो. एकेक तपासत बसण्यात अर्थ नसतो, कारण आज बरा दिसणारा सहा महिन्यांनी गळतो.

काढताना ते उपटू नका, पिळूही नका. खालचे पॅड आधीच कुजलेले असतात आणि ते सोबत निघून येतात. दोन्ही पायांना एकाच वेळी दोन आयर्न लावून उचलायचं, किंवा हॉट एअरने. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा दोन-तीनदा पुसायची आणि नव्या सोल्डरने पॅड पुन्हा चमकवून घ्यायचे. नवा कॅपॅसिटर तितक्याच मूल्याचा, व्होल्टेज तितकं किंवा जास्त, आणि 105 अंश सेल्सियसपर्यंत चालणारा घ्यायचा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे मिळतात. सुटे घेतलेत तर बसवण्याआधी ईएसआर मीटरवर (कॅपॅसिटरचा आतला रोध मोजणारं मीटर) प्रत्येक मोजा. अल्युमिनियमच्या डब्यावरचा काळा पट्टा ऋण टोक दाखवतो, टँटलमवरचा पट्टा धन. अल्युमिनियमच्या जागी टँटलम बसवताना हे विसरलात तर पहिल्याच वेळी फट्कन फुटतो.

आता तुमच्या डॅटचं दुखणं. टेप आत जाते, ड्रमभोवती लपेटली जाते, पण परत रिळावर ओढली जात नाही. म्हणून तिचा गुंता होतो. पिंच रोलर टेप पुढे ढकलत असतो आणि घेणारं रीळ मागे पडतं. पिंच रोलरचं रबर नखाने दाबून बघा. ते चकचकीत आणि कडक झालं असेल तर बदलायचं. अल्कोहोलने पुसून थोडे दिवस चालतं, पण अशा जुगारावर बाबांची टेप लावू नका. रिळाकडे ताकद नेणाऱ्या गिअरांवर आणि सरकपट्टीवरचं ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पूर्ण पुसून नवं, प्लास्टिकला चालणारं ग्रीस अगदी पातळ लावायचं. शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे नको; दोन्ही पसरतात आणि शेवटी रबरावर पोचतात. टेप आत अडकून राहिली असेल तर चिमट्याने ओढू नका. लोडिंग मोटरची पुली हाताने फिरवत यंत्रणा उलटी आणा, टेप सैल होईल, मग रीळ बोटाने फिरवून ती कॅसेटीत घ्या.

एडॅटची यंत्रणा व्हीसीआरचीच आहे, त्यामुळे व्हिडिओची दुरुस्ती केलेला जुना माणूस तुमच्या गावात असेल तर त्याचा हात यावर नीट बसेल. दोन रिळांच्या मधे झुलणारं छोटं चाक, आयडलर, त्याच्यावरची रबरी कडी सुकते. मग रीळ फिरत नाही, रीळ फिरत नाही असं सेन्सर कळवतो, आणि मशीन टेप वाचवायला कॅसेट बाहेर टाकतं. मशीन बिघडलं असं आपल्याला वाटतं, खरं तर ते शहाण्यासारखं वागतंय. कडी नवी घाला. ती बदलूनही तेच झालं तर मोड स्विच बघा. यंत्रणा आत्ता कुठल्या टप्प्यात आहे हे सांगणारा तो फिरता स्विच असतो. त्याचे संपर्क काळे पडतात. उघडून अल्कोहोलने पुसले की पुष्कळदा मशीन जिवंत होतं. आणि झाकण उघडं ठेवून तपासताना खिडकीचं ऊन किंवा जुना पिवळा बल्ब मशीनवर पडू देऊ नका. टेपचं टोक ओळखायला आत अवरक्त प्रकाशाचे सेन्सर असतात. बाहेरच्या उजेडाने ते फसतात, आणि नसलेला दोष तुम्ही दिवसभर शोधत बसता.

हेडची सफाई सगळ्यात शेवटी, आणि नाजूक हाताने. कान साफ करायच्या काडीचा कापूस हेडच्या टोकात अडकतो, तिला हात लावू नका. मऊ शॅमॉय चामडं किंवा धागे न सुटणारं कापड अल्कोहोलमध्ये ओलं करायचं, ड्रमवर आडवं, स्थिर धरायचं आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून हळू फिरवायचा. कापड वरखाली कधीही घासायचं नाही. हेडचं टोक ठिसूळ फेराइटचं असतं, वरखालीच्या एका घासणीत ते तुटतं. मग हेड खरोखरच गेलेलं असेल.

हेड खराब आहे का हे ऐकूनही थोडं कळतं. डिजिटल टेपवर आवाज सेकंदाला हजारो नमुन्यांच्या रूपात भरलेला असतो. डॅटमध्ये सम आणि विषम क्रमांकाचे नमुने दोन हेडांच्या रेघांत अशा पद्धतीने वाटलेले असतात, की एक हेड बुजलं तरी उरलेल्यांवरून मधले नमुने अंदाजाने भरता येतात. तेव्हा गाणं ओळखू येतं, पण त्यावर सतत एकसारखी खरखर राहते. तसं झालं तर एक हेड मळलंय किंवा झिजलंय. मधूनच टक्-टक् येत असेल आणि बाकी वेळ आवाज स्वच्छ असेल, तर दोष टेपवरच्या डागात असण्याची शक्यता जास्त. ऑसिलोस्कोप असेल तर हेडमधून येणाऱ्या कच्च्या, आरएफ सिग्नलची पट्टी बघा. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी जाड हवी. एका टोकाला निमुळती होत असेल तर त्या बाजूचा गाईड टेपशी जुळत नाही. टेप दुसऱ्या मशीनवर भरलेली असेल, तर तो गाईड तिच्यापुरता हलवावाही लागतो, खूण करून आणि नंतर परत जागेवर आणून.

कॅसेटींवरचं लेबलही वाचा. 180 मिनिटांची डॅट किंवा कॉम्प्युटरची 90 मीटरची डीडीएस टेप वापरलेली असेल, तर ती 9 मायक्रॉन जाडीची असते. नेहमीची 13 मायक्रॉनची. पातळ टेपा सगळ्यात शेवटी लावा, मशीनवर पूर्ण भरवसा बसल्यावर. ढिगात एखादी बीटामॅक्स किंवा यू-मॅटिक निघाली तर व्हिडिओची समजून बाजूला टाकू नका. सोनीचं पीसीएम-एफ1 1981 साली आलं. ते डिजिटल आवाजाचं व्हिडिओ सिग्नलमध्ये रूपांतर करून व्हीसीआरवर भरायचं. अशी कॅसेट टीव्हीवर लावली की काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नाचती जाळी दिसते. सीडीचा सेकंदाला 44,100 नमुन्यांचा आकडाही याच पद्धतीतून आला: टीव्हीच्या पॅल पद्धतीत सेकंदाला 50 फील्ड (अर्धी चित्रं), फील्डमागे 294 रेषा, रेषेमागे 3 नमुने. गुणून बघा.

पुरातल्या टेपा वेगळ्या खोलीत ठेवा आणि बाबांच्या मशिनांपासून लांब. कृष्णेच्या गाळाचा एक कण हेडखाली आला तर हेड तिथेच संपलं, आणि तसं हेड आज बहुधा दुसरं मशीन फोडूनच मिळतं. एस-व्हीएचएसचं कवच पाच स्क्रूंचं असतं. ते उघडून रिळं काढायची, डिस्टिल्ड पाण्यात गाळ सुटेपर्यंत धुवायची, पंख्याखाली सावलीत वाळवायची आणि स्वच्छ कवचात बसवायची. उन्हात नाही, हेअर ड्रायरने तर नाहीच. मग आधी एखाद्या जुन्या, टाकाऊ व्हीसीआरवर एकदा पुढे-मागे फिरवून बघा, पावडर पडते का ते कळेल. भिजलेल्या डॅट घरी उघडू नका. ती टेप इतकी पातळ असते की पहिल्यांदाच करणाऱ्या हाताला जमत नाही. अॅनालॉग टेपा मंद आचेवर भाजून वाचवतात असं कुठे ऐकलं असेल. ते काही विशिष्ट जुन्या स्पूलांसाठी आहे, मी डॅटवर ते करत नाही. न भिजलेल्या टेपांवरही पांढरी बुरशी दिसली तर मास्क लावा आणि ती टेपही वेगळी काढा.

पावसाळ्यात घाई करू नका. बहुतेक डॅट मशिनांत ओलावा ओळखणारा सेन्सर असतो आणि ड्रमवर दमटपणा असेल तर मशीन चालायला नकार देतं, कारण ओल्या ड्रमला टेप चिकटते. एसीतून बाहेर आणलेली टेप किंवा मशीन दोन-तीन तास खोलीत नुसतं राहू द्या. शक्य असेल तर हे सगळं काम दिवाळीनंतर करा.

मशीन फिरू लागलं की पहिल्यांदा बिनमहत्त्वाची टेप, ती पूर्ण दोनदा. मग खरं उतरवणं. हेडफोनच्या किंवा लाइन आउटच्या वायरीने भरू नका. डॅटच्या मागच्या डिजिटल आउटपुटमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये (आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) न्या, आणि इंटरफेसचं क्लॉक "एक्सटर्नल" करा म्हणजे तो मशीनच्या चालीने चालेल. दोघं आपापल्या घड्याळावर चालले तर दर काही सेकंदांनी बारीक टिचकी येते आणि लोक टेपला दोष देतात. एडॅटच्या पाठीवरच्या ऑप्टिकल भोकातून एकाच वायरीने आठही ट्रॅक निघतात; तसं इनपुट असलेले इंटरफेस आजही नवे मिळतात.

नमुन्यांचा वेग जुळला का, याची तपासणी तुमच्या घरी पेटीवर होईल. 44,100वर भरलेली टेप 48,000 समजून वाजवली तर सूर जवळजवळ दीड पट्टीने चढतो. बाबांच्या वहीत गायकाची पट्टी काळी दोन लिहिली असेल आणि फाईल पांढरी तीनच्याही वर वाजत असेल, तर सेटिंग चुकलं. पहिल्या एडॅटवर वेग कमी-जास्त करता यायचा, आणि गायकाच्या सोयीसाठी तो सर्रास केला जायचा. म्हणून वह्या, चिठ्ठ्या, कॅसेटीच्या आतले कागद एकही फेकू नका. काही डॅट रेकॉर्डिंगांवर एम्फसिस लावलेलं असतं, म्हणजे तारस्वर मुद्दाम उठावदार करून भरलेले असतात आणि वाजवताना मशीन ते परत खाली आणतं. डिजिटल उतरवणीत ही भरपाई आपोआप होतेच असं नाही. टाळांचा आवाज कानाला टोचत असेल तर हे आठवा आणि फाईलवर डी-एम्फसिस करा.

प्रत्येक महत्त्वाची टेप दोनदा उतरवा. दोन्ही फाईली नमुन्याला नमुना जुळवून एक उलट फेजमध्ये करा (म्हणजे तिची लाट खालची वर होईल) आणि एकत्र वाजवा. पूर्ण शांतता आली तर दोन्ही वेळा मशीनने अगदी तेच वाचलं. मधे जिथे कुठे टक् आवाज येईल तिथे एका वेळी मशीनने अंदाज केलाय. तो भाग तिसऱ्यांदा घ्या आणि तिन्हींतला चांगला तुकडा निवडा. फक्त एवढ्यासाठी का होईना, घाईने एकदाच उतरवून मशीन विकू नका.

एडॅटचे आठही ट्रॅक वेगवेगळ्या फाईली म्हणून ठेवा, मिसळून नको. अभंगाच्या एका टेपवर गायकाचा आवाज, पेटी, पखवाज आणि टाळ बहुधा स्वतंत्र असतील. वीस-पंचवीस वर्षांनी कोणी तो आवाज नुसता ऐकू शकेल. आणि फाईलची सुरुवात कापू नका. गाणं सुरू होण्याआधी काही सेकंद टेप चालू असते. काचेपलीकडून इंटरकॉमवर बोलणारा माणूस तिथे ऐकू येतो: कुठली टेक आहे ते सांगणारा, तबलेवाल्याला थांबवणारा, "हं, घ्या" म्हणणारा. तुमच्या टेपांवर तो आवाज बाबांचा असेल.